सोलापूरहून तुळजापूर-नळदुर्ग, सायकलवर: निघण्याआधीची तयारी

सोलापूरच्या सायकलवाल्याला डोंगर म्हटलं की पहिलं नाव सुचतं ते तुळजापूरचं. बालाघाटच्या कडेला वसलेलं गाव, शहरापासून साधारण पंचेचाळीस किलोमीटर आणि सोलापूरपेक्षा जवळपास दोनशे मीटर उंच. बारीक टायरच्या रोडबाईकवाले महामार्गाने तुळजापूर गाठतात, तिथून नळदुर्गला उतरतात आणि हैदराबाद रस्त्याने परत येतात. हा त्रिकोण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतो. एमटीबीवाले, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलींचे, तुळजापुरात मुक्काम टाकून डोंगरउतारावरच्या मुरमाड वाटा धरतात. नव्याने येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "घाट चढवेल का?" घाट चढवतो. लांबीने तो फार नाही, आणि अगदीच दम लागला तर उतरून सायकल ढकलत नेली तरी काही बिघडत नाही. बेत फसतो तो घाटाच्या अलीकडच्या उघड्या माळावर, काटा, वारा आणि ऊन यांच्या हातून. म्हणून ही तयारी टायरपासून सुरू करतो.

आपल्या भागात रस्त्याच्या कडेला तीन प्रकारचे काटे असतात. बाभळीचा पांढरा, लांब आणि सरळ काटा. वेड्या बाभळीचा त्याहून आखूड पण चिवट काटा. शेताच्या कुंपणाला लावायला तोडलेल्या फांद्या ट्रॉलीतून नेताना रस्त्यावर सांडतात, तिथे हाच सापडतो. आणि तिसरा सराटा. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या बारीक फुलांची ही वेल दिवाळीच्या सुमारास वाळते. तिचं फळ फुटून जे तुकडे होतात ते कसेही पडले तरी एखादं टोक वर राहतंच. बाभळीचा काटा हवा लवकर काढतो, त्यामुळे लगेच कळतं तरी. सराटा हळू काम करतो. संध्याकाळी सायकल नीट घरी येते आणि पहाटे निघायच्या वेळी टायर बसलेला असतो. यासाठी आदल्या रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही टायर दाबून बघायचे आणि सकाळी पुन्हा बघायचे. यात पाच मिनिटंही जात नाहीत.

पंक्चर काढायची सवय घरीच करा, घड्याळ न लावता, चहा पीत पीत. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवून ठेवा. मग ट्यूबला भोक कुठे आहे ते सापडलं की टायरमधली तीच जागा लगेच काढता येते. काटा बाहेरून बहुतेक वेळा दिसत नाही. तो रबराच्या पातळीला तुटलेला असतो आणि वरून फक्त एक तपकिरी ठिपका उरतो. आतून बोट फिरवलं तर बोटाला टोचतो, म्हणून जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या आणि टायरच्या आतल्या बाजूने सावकाश पूर्ण एक फेरी फिरवा. कापडाचा धागा जिथे अडकेल तिथे टोक आहे. तिथे टायर उलटा वाकवला की काट्याचं टोक अर्धा मिलिमीटर वर येतं, तेवढं चिमट्याला पुरतं. नखाने काढायला गेलात तर टोक मोडतं आणि उरलेला तुकडा आत राहून नवीन ट्यूबही खातो. एक काटा सापडला म्हणून थांबू नका, फेरी पूर्ण करा. सराट्याच्या जागेवरून गेलेल्या टायरमध्ये एकच काटा निघाला, असं क्वचितच होतं.

तर पिशवीत काय पाहिजे? दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन (ट्यूब उघडून वाळलेलं नाही ना, हे दाबून बघा), तीन टायर लिव्हर, चिमटा, कापडाचा तुकडा आणि चांगला हातपंप. गॅसच्या छोट्या नळकांड्या सोयीच्या असतात, पण एकदा वापरली की संपली. आपल्या रस्त्यावर फक्त त्यांच्या भरवशावर निघू नये. रोडबाईकला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. वाटेतल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची. अडॅप्टर नसेल तर समोर हवा असून उपयोग नाही. एमटीबी ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) घालणं हा काट्यावरचा सगळ्यात चांगला इलाज आहे, फक्त आपल्या उन्हात ते लवकर वाळतं. दोनेक महिन्यांनी चाक कानाशी हलवून बघा, आत पाण्यासारखा आवाज आला पाहिजे. टायर निवडताना वजनाने हलका घेण्यापेक्षा पंक्चरला टिकणारा जड टायर घ्या असंच मी सांगेन. पाव किलो जास्त ओढायला काही लागत नाही, भर उन्हात दर पाच किलोमीटरला चाक काढायला फार लागतं.

हवेचा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. सत्तर किलोच्या माणसाने 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये 75 ते 80 पीएसआय ठेवली तर महामार्गावर पुरते आणि हातापायांना हादरेही कमी बसतात. एमटीबीला ट्यूब असेल तर 30 च्या आसपास, ट्यूबलेसला त्याहून थोडी कमी.

बाकी सायकलची तपासणी लवकर होते. चेन पुसून कोरड्या हवेचं तेल थेंबथेंब घाला आणि वरचं पुसून टाका, नाहीतर माळावरची धूळ त्यावर बसून काळा लगदा होतो. गिअरच्या केबल, ब्रेक पॅडची जाडी, चाकाचं क्विक रिलीज बघा. चार, पाच, सहाच्या ॲलन की, चेन जोडायचं हत्यार आणि एक क्विक लिंक सोबत असावी. एमटीबीवाल्याने आपल्या फ्रेमचा सुटा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर अडकतो तो तुकडा) घ्यावा. दगडावर पडलं की आधी तोच वाकतो, आणि तो तुळजापुरात मिळणार नाही. हायब्रीडला (रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली सायकल) पुढे तीन प्लेटा असतील तर गिअरची चिंता नको. रोडबाईकला मागची सगळ्यात मोठी चकती 25 दातांची असेल तर ती बदलून 32 ची घ्या, गुडघे दुवा देतील.

पायांची तयारी सपाट शहरात कशी करायची, हा रास्त प्रश्न आहे. एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा तलाव, तुळजापूर रस्त्यालाच आहे. तिथपर्यंत जाऊन येणं ही रोजची सकाळची फेरी ठेवा, हिवाळ्यात तिथले पक्षीही बघायला मिळतात. रविवारी तामलवाडीपर्यंत जा. चढाची सवय वाऱ्यात होते: समोरून वारा असेल त्या दिवशी वेगाकडे न बघता, बसल्या जागेवरून, हलक्या गिअरमध्ये एकसारखे पाय मारत अर्धा-पाऊण तास चालवा. घाटातही नेमकं हेच करायचं असतं. सलग दोन तास खोगिरावर बसून उतरल्यावर पाठ, मान, तळहात यांपैकी काय दुखतंय याकडे लक्ष द्या, आणि सीट किंवा हँडल त्याप्रमाणे जुळवून घ्या. मोठ्या फेरीच्या आदल्या दिवशी मात्र सीटला हात लावू नका.

तारीख ठरवणं हा तयारीतला सगळ्यात मोठा निर्णय. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपला काळ. मार्चपासून दुपार कठीण होते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून वर जातो. त्या दोन महिन्यांत त्रिकोण करू नका. फार तर पहाटे तुळजापूर गाठून सायकल गाडीत घालून परत या. पावसाळ्यात हवा छान असते, पण पश्चिमेचा वारा जोराचा. तुळजापूर आपल्या उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. त्यामुळे जाताना हा वारा डावीकडून लागतो आणि कडेच्या सायकलला वाहनांच्या बाजूला ढकलतो. येताना तो उजवीकडून येतो, आणि शेजारून मालट्रक जातो तेव्हा क्षणभर वारा तुटतो. वाऱ्यावर रेललेले तुम्ही एकदम उजवीकडे झुकता, ट्रक पुढे गेला की तोच वारा पुन्हा डावीकडे लोटतो. अशा दिवशी हँडल घट्ट आवळून धरू नये, कोपर सैल ठेवावेत, आणि ट्रकचा आवाज मागून आला की पाणी प्यायला हात काढू नये.

आश्विनातल्या गर्दीचं वेगळं सांगायला हवं. नवरात्रात देवीची ज्योत घेऊन धावणारी मंडळं रात्रंदिवस या रस्त्यावर असतात. कोजागरीला तर सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातून भाविक अनवाणी पायी निघतात, सगळा रस्ता माणसांनी भरून जातो, वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवतात. तो रस्ता त्या दिवसांत चालणाऱ्यांचा आहे. सायकल घेऊन त्यात शिरू नये, घंटी वाजवत वाट तर मुळीच काढू नये. चैत्री पौर्णिमेचंही तेच. एरवी मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडून गेलात तर गावात सायकल घेऊन फिरणं सुखाचं होतं.

हिवाळ्यातला धोका दुसराच: ऊस. गाळपाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला असतो, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाणी एवढी मोठ्याने चालू असतात की तुमची घंटी त्याला ऐकू येणं शक्य नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो, म्हणजे पाचला निघालात तर दोन तास अंधार. पुढचा दिवा खड्डा दिसेल इतका उजेडाचा हवा, मागचा लाल दिवा दोन हवेत, एक सायकलला आणि एक हेल्मेटला, म्हणजे एकाची बॅटरी गेली तरी दुसरा राहतो. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला. कडेला पडलेल्या उसाच्या कांडीवरून बारीक चाक सरकतं. उभ्या ट्रॅक्टरला ओलांडताना आधी मागे वळून बघा. आणि माझं स्पष्ट मत, की हंगामात सहाच्या आधी महामार्गावर जाऊच नये. तासभर उशिरा निघा, ऊन थोडं जास्त लागेल, लागू दे. महामार्गावर उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली आपल्याच कडेने येतात हेही धरून चाला. धाब्यांजवळ पहाटे कुत्री मागे लागतात. तिथे वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरून चार पावलं चाललं की ती बहुतेक गप्प होतात.

पाणी आणि खाणं. महामार्गावर गावं आणि हॉटेलं असल्यामुळे दोन बाटल्या पुरतात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात गेलं पाहिजे, तहान लागो न लागो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं; अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका, घट्ट पाण्याने तहान वाढते आणि पोट बिघडतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. निघण्यापूर्वी धपाटं-दही किंवा पोहे, पोट भरेल पण जड होणार नाही इतपत. वाटेत पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाकायचं: खजूर, केळं, गूळ-शेंगदाणे, चिक्की. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत जरूर घ्या, वजनाला हलकी आणि दोन दिवस खराब न होणारी. पण ती मुक्कामावर बसून खायची. चालत्या सायकलवर कोरडी भाकरी घशात बसते आणि सगळं पाणी तीच पिऊन टाकते. हुरड्याचे दिवस असतील तर रस्त्याकडेच्या शेतात थांबायला तास हाताशी ठेवा, तो वाया जात नाही.

अंगावर पूर्ण बाह्यांचा, घाम सुकवणारा, फिकट रंगाचा शर्ट, चश्मा, हेल्मेटखाली पातळ टोपी. गळ्यात आपला सोलापुरी नॅपकिन. थांबाल तिथे तो भिजवून मानेवर टाका, चांगल्या टॉवेलचं कापड पाणी बराच वेळ धरून ठेवतं आणि सुकता सुकता मान गार करतं. सायकलिंगच्या आखूड पँटवरून घालायला एक पातळ पायजमा आणि साध्या चपला घ्या, मंदिरात जायचं असेल तर लागतात. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून दगडी पायऱ्यांवर चालणं म्हणजे घसरणं आलंच. कुलूप-साखळी असली तरी सायकलींजवळ एक जण थांबावा, पाळीपाळीने दर्शन घ्यावं. सुट्टे पैसे असू द्या, माळावर मोबाईलला रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत.

घाट उतरण्याची तयारी चढण्यापेक्षा जास्त करावी. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबून-सोडून. सतत दाबून धरले तर रिम किंवा डिस्क तापते आणि पकड कमी होते. थांबल्यावर डिस्कला बोट लावून बघू नका. वळणाच्या कडेला बारीक खडी साचलेली असते, तिथे चाक जाऊ देऊ नका, आणि बस समोरून वळण कापत येईल असं गृहीत धरा. ही कसरत आधी करून बघायला हिप्परग्याजवळचा छोटा उतारही चालतो.

आता डोंगरातल्या वाटांचं. तुळजापूरच्या भोवती बैलगाडीच्या वाटा, पाणंद रस्ते आणि गुरांच्या पायवाटा आहेत, खाली काळा दगड आणि वर सुटा मुरूम. इथे चढ आखूड पण खडे आहेत. मागचं चाक घसरतं, म्हणून सीटच्या पुढच्या टोकाला सरकून, हँडलवर वाकून, सावकाश चढायचं. पावसानंतर तिथे जायची घाई करू नका. माथ्यावर मुरूम असतो तिथे पाणी निचरून जातं, पण खालच्या शेतांजवळची काळी माती ओली असेल तर ती परातीतल्या चिकट कणकेसारखी चाकाला धरते. वीस पावलांत चाक फ्रेममध्ये अडकतं, डिरेलर मातीने भरतो, आणि जोर लावून पेडल मारलं की हँगर तुटतो. अशी माती दिसली की उतरा, सायकल खांद्यावर घ्या. माती काढायला काडी पुरते, पाणी वाया घालवू नका. दोन कडक उन्हं पडली की हीच वाट चालवण्याजोगी होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात माळावर कुसळी गवत उभं असतं. त्याची कुसळं मोज्यात शिरतात आणि चालवताना आत आत जातात. लोकरी किंवा टॉवेलच्या कापडाचे मोजे टाळा, गुळगुळीत आणि पिंढरीपर्यंतचे घाला. या वाटांवर तीन लिटर पाणी पाठीवर पाहिजे, मध्ये दुकान नाही. एकट्याने जाऊ नये. शेतातून वाट जात असेल तर मालकाला विचारावं, "दादा, इकडून गेलं तर चालेल का?" एवढं पुरतं; बहुतेक वेळा वाट तर मिळतेच, वर पाणीही मिळतं. पेरलेल्या वाफ्यातून चाक न्यायचं नाही. मेंढपाळाचा कळप दिसला की उतरून थांबायचं, त्याची कुत्री राखण करतात ते त्यांचं कामच आहे. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे सायकल वळवायचा मोह झाला तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. ते 1979 पासूनचं अभयारण्य आहे, तिथलं गवत काळविटांचं आणि लांडग्यांचं घर आहे, एमटीबीसाठी आपल्याकडे इतर माळ भरपूर आहे.

औषधांच्या पाकिटात जंतुनाशक, कापूस, गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी आणि स्वतःच्या रोजच्या गोळ्या. एका चिठ्ठीवर रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहून ती प्लॅस्टिकमध्ये घाला, मोबाईल बंद पडला तरी ती वाचता येते. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी 1033. सोबत्याचं बोलणं विस्कळीत व्हायला लागलं, अंग तापलं, घाम थांबला, तर "थोडं राहिलंय, चल" म्हणू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

त्रिकोण करणाऱ्यांनी तुळजापूरहून साडेनऊच्या आत निघावं, म्हणजे नळदुर्गला ऊन चढण्याआधी पोहोचता. किल्ला बघायचाच असतो, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल आणि नदी भरलेली असेल तर नर-मादी धबधबे बघायला दीड-दोन तास सहज जातात. त्यासाठी सायकली कुठे ठेवायच्या ते दाराशी विचारून घ्या, आणि चपला इथेही कामाला येतात. भर दुपारी पुढे निघू नका. जेवून सावलीत पडा, तीननंतर हैदराबाद रस्ता धरा. या टप्प्यावर संध्याकाळचं ऊन समोरून डोळ्यात येतं, आणि तसंच ते मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यात जातं. त्याला तुम्ही दिसत नाही. उजेड असला तरी मागचे दोन्ही दिवे नळदुर्गलाच सुरू करा, चश्म्यावर टोपीचा पुढचा भाग ओढून घ्या, बोरामणीला शेवटचं पाणी भरा आणि शहरात शिरेपर्यंत एकामागे एक चाला.